स्क्वॅश रॅकेटची निवड : जोर, स्पर्शजाणीव आणि टिकाऊपणा यांचा विचार

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॅशचा समावेश करण्याचा निर्णय झाला. त्यापूर्वी काही दिवसच हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय पुरुष संघात मुंबईचा महेश माणगावकर होता. मुंबईला हा खेळ नवा नाही. पेशावरजवळच्या खेड्यातून आलेल्या हाशिम खान यांनी १९४४ मध्ये अखिल भारतीय विजेतेपद मुंबईतच पटकाविले होते, तेही लाकडी रॅकेटने.

कुस्ती आणि फुटबॉल यांत रमलेल्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला रॅकेटची ओळख असते ती प्रामुख्याने बॅडमिंटनमुळे. महाविद्यालयाने स्क्वॅशचे साहित्य घ्यावयाचे ठरविल्यास निवड करणार ती जिमखाना समिती आणि तिच्यापुढे असणार ती दरपत्रके. दरपत्रकात किंमत दिसते; रॅकेट हातात कशी वागेल, हे दिसत नाही. म्हणूनच निवडीमागील कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. नियमांची मर्यादा

नियमानुसार स्क्वॅश रॅकेटची लांबी ६८६ मिलिमीटरपेक्षा, रुंदी २१५ मिलिमीटरपेक्षा आणि वजन २५५ ग्रॅमपेक्षा अधिक असू नये. चेंडू सुमारे २४ ग्रॅमचा, तर बॅडमिंटनचे फूल जेमतेम ५ ग्रॅमचे असते. साहजिकच बॅडमिंटनची नाजूक रॅकेट येथे चालत नाही. स्पर्धेतील दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू २३ अंश सेल्सिअस तापमानाला, सोडलेल्या उंचीच्या १२ टक्क्यांच्या आसपासच उसळतो. खेळून तापल्यावर त्याची उसळी साधारण दुपटीने वाढते. अशा निर्जीव भासणाऱ्या चेंडूला गती द्यावयाची असल्याने नवोदिताचे लक्ष प्रथम जोराकडे जाते.

२. जोर

जड रॅकेट म्हणजे अधिक जोर, हा समज अर्धसत्य आहे. फटक्याच्या जागी रॅकेटचे परिणामी वस्तुमान १०० ग्रॅम मानल्यास, टकरीच्या साध्या सूत्रातील वस्तुमानाचा भाग १०० भागिले १२४, म्हणजे सुमारे ०.८१ येतो. ते १२० ग्रॅम केल्यास तो १२० भागिले १४४, म्हणजे सुमारे ०.८३ होतो. वस्तुमान २० टक्क्यांनी वाढवून चेंडूची गती वाढते ती केवळ ३ टक्क्यांच्या आसपास. रॅकेट फिरविण्याचा वेग तेवढाच घटला, तरी हा लाभ संपतो.

वजनापेक्षा त्याची वाटणी महत्त्वाची आहे. हातापासून ६० सेंटिमीटरवरील एक ग्रॅम, ३० सेंटिमीटरवरील एका ग्रॅमच्या चौपट जडत्व निर्माण करतो. कारण येथे अंतराचा वर्ग मोजला जातो. पट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी तोलून पाहावी. तोलबिंदू मध्यापेक्षा डोक्याकडे असल्यास रॅकेट डोक्याने जड, मुठीकडे असल्यास हलकी समजावी. पहिली लांब फटक्यास, तर दुसरी चपळ खेळास अनुकूल ठरते.

तारांचा ताणही निर्णायक असतो. चेंडू दबतो तेव्हा बरीच ऊर्जा वाया जाते. तारा ताणल्या जातात तेव्हा बहुतांश ऊर्जा परत मिळते. म्हणून ताण थोडा कमी ठेवल्यास जोर वाढतो आणि अधिक ठेवल्यास नियंत्रण वाढते. थेंबाच्या आकाराच्या, गळ्याशी आडवा पूल नसलेल्या फ्रेममध्ये उभ्या तारा लांब असतात. त्यामुळे तीही जोरास पोषक ठरते.

३. स्पर्शजाणीव

चेंडू तारांवर कोठे आणि कसा लागला, हे हाताला कळणे म्हणजे स्पर्शजाणीव. फटका योग्य बिंदूवर बसला तर मुठीला धक्का जवळजवळ जाणवत नाही. तो बिंदू चुकला की फ्रेम थरथरते आणि मुठीत वळते. ही थरथर पूर्णतः दाबून टाकणारी रॅकेट सुखद वाटते. परंतु शिकणाऱ्याला त्याची चूक सांगत नाही. बारीक तारेने जाणीव तीव्र होते, मात्र ती लवकर तुटते. मुठीची जाडीही तपासावी; फार जाड मूठ बोटांची हालचाल रोखते.

४. टिकाऊपणा

स्क्वॅश चार भिंतींच्या आत खेळला जातो. भिंतीलगतचा चेंडू काढताना रॅकेट भिंतीवर आपटणे अटळ असते. कार्बन तंतूंची फ्रेम हलकी व ताठ असते. परंतु आघाताने तिच्यात केसाएवढी चीर पडू शकते. प्रत्येक तारेचा ताण ११ ते १३ किलोच्या आसपास असल्याने फ्रेम सदैव दाबाखाली असते आणि चीर वाढत जाते. ॲल्युमिनियम वाकते, सहसा फुटत नाही. मात्र ते जड असून थरथर अधिक पोहोचविते. डोक्यावरील संरक्षक पट्टी बदलता येते की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे. एक तार तुटल्यास उरलेल्या तारा कापून टाकाव्यात, अन्यथा असमान ताणाने फ्रेम वाकडी होते. बंद मोटारीतील उन्हात रॅकेट ठेवू नये. पावसाळ्यात ओली ग्रिप वेळीच बदलावी.

५. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून असे दिसते की, हे तीन गुण एकाच रॅकेटमध्ये कमाल प्रमाणात मिळत नाहीत. स्पर्धक खेळाडूने आपल्या शैलीनुसार जोर व जाणीव यांचा मेळ घालावा. जिमखान्याच्या सामाईक रॅकेटसाठी मात्र क्रम उलटा असावा : प्रथम टिकाऊपणा, नंतर मध्यावर तोल, मध्यम ताण व किंचित जाड तार. जोर शेवटी, कारण तो तारांच्या ताणातून आणि सरावातून मिळविता येतो. गटिंगचा वार्षिक खर्चही अंदाजपत्रकात धरावा.

समारोप

भिंतीला समांतर, तिला चिकटून जाणारा सरळ फटका हा स्क्वॅशचा पाया होय. रॅकेट फुटली तर भरपाई द्यावी लागेल, या भीतीने विद्यार्थी भिंतीपासून दूर राहिला, तर तो हा फटका कधीच शिकणार नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधव यांना पाठविताना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले होते. त्या मानाने मोडलेल्या रॅकेटचा खर्च विद्यार्थ्याकडून वसूल न करणे ही फार लहान गोष्ट आहे. रॅकेटची निवड करताना समितीने एवढा निर्णय त्याच बैठकीत घ्यावा.