आपलाच विमा वापरण्याचा संकोच

२०२५ च्या पावसाळ्यांत आमचा पुतण्या चाकणच्या कारखान्यांतून चिंचवडास परतत असतां, पुणें-नाशिक रस्त्यावर चुकीच्या बाजूनें आलेल्या एका टेंपोनें त्याच्या मोटारीस धडक दिली. मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया ठरली, आणि घरांत खल सुरू झाला. थोरल्या वहिनींनीं हातांतल्या पाटल्या काढून पुढें ठेवल्या.

वास्तविक मुलगा नऊ वर्षें नेमानें मेडिक्लेमचा हप्ता भरीत होता. पण कोणा हितचिंतकानें दादांच्या मनांत भरविलें होतें कीं, मेडिक्लेमचा पैसा उचलला तर तेवढी रक्कम टेंपोवाल्याच्या विमा कंपनीकडून मिळणाऱ्या भरपाईंतून कोर्ट वजा करील. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, मोटारीच्या विम्यांतच मालक-चालकास १५ लाखांचें अपघात-संरक्षण असतें, तेंच घ्या ! पण तें मृत्यूसाठीं वा कायमच्या अपंगत्वासाठीं; रुग्णालयाचें बिल त्यांतून भागत नाहीं.

दादांची भीति मात्र अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या निरनिराळ्या पीठांचे निर्णय परस्परांशीं जुळत नव्हते. अखेर तो तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठापुढें गेला, आणि मार्च २०२५ मध्यें निकाल झाला कीं, मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईंतून वजा करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यांत, आयुर्विम्याच्या पैशाबद्दल असेंच तत्त्व सांगितलें होतें. विम्याची रक्कम करारानें, हप्ते भरून मिळते. संस्कृतज्ञ वाचकांस सांगावयाचें तर तो प्रतिग्रह नसून क्रय आहे. मूल्य एकानें द्यावें आणि सवलत धडक देणाऱ्यास मिळावी, हें कोणत्या न्यायांत बसतें ?

मीं निकालाचें वृत्त दादांस वाचून दाखविलें. पाटल्या वहिनींच्या हातांत परत गेल्या.

फजिती झाली ती पुढें, कागदांपायीं. मूळ बिलें मेडिक्लेम कंपनीकडे गेलीं आणि दाव्यासाठीं शिक्क्याच्या प्रती मिळवितांना मला रुग्णालयाच्या चार खेपा घालाव्या लागल्या. तेव्हां बिलें हातावेगळीं करण्यापूर्वींच त्यांच्या प्रमाणित प्रती घ्याव्या. कंपनीनें किती रक्कम मान्य केली व किती नाकारली याचें पत्र मागून घ्यावें. डिस्चार्ज कार्ड, पोलिसांतील फिर्याद व पंचनामा यांच्या जोडीला तें ठेवावें. आणखी एक. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याच्या अर्जास अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यानें घातली आहे. रोगी पुरता बरा होऊं द्या, मग पाहूं, असें म्हणत बसणें बरें नव्हे. आमच्या दादांनीं त्यांत चार महिने घालविलेच!

आमचा दावा पुण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें चालू आहे. पुतण्या आतां काठीवांचून जिना उतरतो. मेडिक्लेमचा यंदाचा हप्ता मात्र दादांनीं स्वतः, मुदतीच्या आठ दिवस आधीं भरला.