कपाळावरची आठी आणि खानदेशचं ऊन

हिवाळ्यात दोंडाईचाच्या बाजूला गेलं की लाल मिरचीच्या पथाऱ्या दिसतात. काही दिवस ऊन खाल्लं की तुकतुकीत मिरची सुरकुतते. आतलं पाणी उडून जातं, साल मात्र तेवढीच राहते, म्हणून तिला घड्या पडतात. माणसाच्या चेहऱ्याचंही असंच होत असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्या कातडीला सुरकुती पडते ती वेगळ्या कारणांनी. ती शिंदखेडा तालुक्यातल्या विशी-पंचविशीच्या मुलामुलींनी आज समजून घ्यायला हवीत, कारण ‘सुरकुती पडायच्या आधीच इंजेक्शन घ्या’ हा शहरातला सल्ला मोबाइलवरून गावोगाव पोहोचतो आहे. लग्न ठरलं की तो जास्तच खरा वाटू लागतो.

त्वचेच्या वरच्या पापुद्र्याखाली कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंची वीण असते, बाजेच्या सुंभासारखी. नव्या बाजेवरून माणूस उठला की पडलेला झोळ लगेच भरून येतो. सुंभ झिजला की झोळ तसाच राहतो. चेहऱ्याचे स्नायू दिवसभर त्वचेला घड्या घालत असतात. रागावलो, विचारात पडलो, उन्हाकडे पाहिलं की भुवया जवळ येतात आणि मधे उभी आठी उमटते. तरुणपणी ती क्षणात मिटते. वय वाढतं, वीण झिजते आणि चेहरा शांत असतानाही आठी तिथेच दिसू लागते. म्हणजे कारणं दोन आहेत. एक रोजची घडी आणि दुसरं विणीची झीज. इंजेक्शन यातल्या पहिल्या कारणावरच काम करतं.

लोक त्याला बोटॉक्स म्हणतात. ते एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे. आतलं द्रव्य म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खराब सॉसेज खाऊन लोक दगावत होते. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने त्या विषबाधेचं बारकाईने वर्णन केलं आणि हेच विष थोड्या प्रमाणात औषध ठरू शकेल, असंही तेव्हाच लिहून ठेवलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीनंतर हॅम खाल्लेले वादक आजारी पडले. त्या प्रकरणातून एमिल फान एर्मेंगम यांनी हे विष तयार करणारा जिवाणू शोधला. आपल्यालाही ही विषबाधा अनोळखी नाही. १९९६ मध्ये शेजारच्या गुजरातमधल्या एका निवासी शाळेतली ३४ मुलं अशीच आजारी पडली आणि त्यातली तिघं गेली. संशय बेसनाच्या शेवेवर होता.

हे विष काम कसं करतं? मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन चिमुकल्या पिशव्यांमध्ये भरलेलं असतं. पिशवी फुटून ते स्नायूवर सांडलं की स्नायू आवळतो. पिशवी टोकाशी जोडणाऱ्या प्रथिनांपैकी एकाला हे विष कापून टाकतं. हुकूम येतो, पण रसायन सांडत नाही आणि स्नायू सैल राहतो. मज्जातंतू मरत नाही. तो हळूहळू सावरतो आणि तीन-चार महिन्यांत आठी पुन्हा पडू लागते.

केर्नरचं भाकीत खरं व्हायला दीडशे वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांच्या उपचारासाठी हे विष वापरून पाहिलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पापण्या आपोआप घट्ट मिटणाऱ्या रुग्णांवर कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये जीन कॅरुदर्स उपचार करत होत्या. त्यांच्या एका रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्या त्यात नाहीशा झाल्या. जीन आणि त्यांचे त्वचातज्ज्ञ पती ॲलिस्टर यांनी १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. २००२ मध्ये भुवयांमधल्या आठीसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. पक्षाघातानंतर आखडलेला हात, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे ताठर पाय, जुनाट अर्धशिशी अशा त्रासांत हे औषध आज माणसाचं जगणं सुसह्य करतं. त्याचा हा मोठेपणा आधी मान्य करायला हवा.

मग सुरकुतीआधीच घेतलं तर? तर्क सरळ आहे: घडीच पडली नाही तर घडीची रेघ कुठून येणार? याच्या पुराव्यादाखल २००६ मधलं जुळ्या बहिणींचं उदाहरण नेहमी दिलं जातं. एकीने १३ वर्षं नियमित इंजेक्शनं घेतली होती, दुसरीने फक्त दोनदा. पहिलीच्या चेहऱ्यावर स्थिर रेषा कमी होत्या. निरीक्षण मोलाचं आहे, पण ती जुळ्यांची एकच जोडी. एका शेतातल्या एका वाफ्यावरून आपण वाण ठरवत नाही. शिवाय पंचविशीत सुरुवात करून वर्षाला तीन इंजेक्शनं धरली, तर चाळिशीपर्यंत ४५ वेळा सुई टोचून घ्यावी लागते. वर्षानुवर्षं न वापरलेला स्नायू बारीक होतो. काहींच्या शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे गरजेच्या वेळी ते लागू पडत नाही.

धोके जाणून घेतले पाहिजेत. औषध शेजारच्या स्नायूत उतरलं तर पापणी काही आठवडे लोंबते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसंच मायस्थेनियासारखा स्नायूंचा विकार असलेल्यांनी ते टाळायचं असतं. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा कुरियरने किंवा कुणाच्या पिशवीतून आलेल्या स्वस्त कुपीचं काय झालं असेल, याचा विचार करा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ११ राज्यांत बनावट किंवा अयोग्य हातांनी दिलेल्या इंजेक्शनांमुळे २२ स्त्रियांना त्रास झाला आणि काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून ब्युटी पार्लरमध्ये हे इंजेक्शन कधीच घेऊ नये. घ्यायचंच असेल तर ते पात्र त्वचातज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच, आणि कुपी समोर उघडायला लावून.

आता दुसरं कारण, विणीची झीज. साठीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या दंडाची आतली बाजू पाहा, मग त्याच्या मानेची मागची बाजू पाहा. माणूस तोच आणि वयही तेच, तरी दंड मऊ आणि मान चरे पडलेली. हा फरक उन्हाने केला आहे. अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजन कुरतडणारी विकरं वाढतात. त्यातले ‘ए’ प्रकारचे किरण काचेतूनही आत येतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाने २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या चालकाचं छायाचित्र छापलं होतं. खिडकीकडचा त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला होता. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे एसटीच्या चालकाचा उजवा गाल हे ऊन झेलतो.

आपल्या सावळ्या रंगातलं मेलॅनिन मोठं संरक्षण देतं. म्हणून आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात आणि उन्हाची पहिली खूण डागांच्या रूपात दिसते. तरीही झीज थांबत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या शिंदखेड्यात मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत कपाशीच्या शेतात डोळे बारीक करून काम करणारा तरुण दोन्ही नुकसानं एकदमच सोसतो: किरण वीण झिजवतात आणि मिचकावणं आठी पाडतं.

याला आवर घालणारा उपाय पारखलेला आहे. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या प्रयोगात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य इतरांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं. तो निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या बायकांचा डोक्यावरचा पदर, वेचणीला जाताना तोंडाला बांधलेला रुमाल, स्कूटीवरच्या मुलींचा स्कार्फ आणि शेतकऱ्याचं उपरणं हीसुद्धा त्याच जातीची अस्त्रं आहेत. त्यांच्या जोडीला रुंद काठाची टोपी, चांगला गॉगल आणि किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन घ्या. गॉगलमुळे डोळे मिचकावावे लागत नाहीत, म्हणजे इंजेक्शनचं थोडं काम तो सुईविना करतो. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडली तर त्वचेइतकाच बाकीच्या शरीरालाही लाभ होतो.

कपाळावरची आठी कुणाच्या मनाला खरोखर खात असेल, तर त्याने धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचातज्ज्ञाला दाखवावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पंचविशीतल्या नितळ कपाळाने सुईची घाई करू नये. त्याने उन्हात पाऊल टाकताना आधी स्वतःची सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन सौम्य आहे. ती उंचीपेक्षा आखूड झाली की किरण कडक झाले असं समजावं, आणि रुमाल बांधावा, गॉगल चढवावा.