गवतावरचा फेस : आधी ओळख, मग फवारणी



आषाढ-श्रावणात बांधावरचे गवत कापताना किंवा परसातले तण उपटताना एखाद्या काडीच्या बेचक्यात पांढऱ्या फेसाचा गोळा दिसतो. जणू कोणी नुकतेच थुंकून गेले आहे. मुले विचारतात, हे सापाने टाकले की बेडकाने? थोरांना वेगळीच काळजी पडते, ही नवी रोगराई तर नव्हे? मग पाठीवर पंप चढतो. तो चढवण्याआधी दोन मिनिटे थांबून हा फेस नीट पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

फेसाच्या आत कोण?

एक बारीक काडी घ्या आणि फेस हळूच बाजूला सारा. आत इवलासा, मऊ, पिवळसर-हिरवट किडा डोके खाली करून देठाला चिकटलेला दिसेल. हाच त्या फेसाचा मालक. साप-बेडकाचा इथे काही संबंध नाही. आपण त्याला फेसकिडा म्हणू. इंग्रजीत पिलाला ‘स्पिटलबग’ म्हणजे थुंकीकिडा आणि मोठ्याला ‘फ्रॉगहॉपर’ म्हणजे बेडूकउड्या मारणारा असे म्हणतात.

मावा आणि पिठ्या ढेकूण झाडाच्या रसवाहिन्यांतला गोड रस ओढतात. फेसकिडा मात्र आपली सोंड जलवाहिनीत खुपसतो. मुळांनी वर चढवलेले पाणी हेच त्याचे जेवण. या पाण्यात अन्नाचा अंश अगदी थोडा. म्हणून पोट भरण्यासाठी काही जातींना दिवसभरात आपल्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक पाणी प्यावे लागते. एवढे पाणी पोटात राहणार कसे? ते मागून बाहेर पडते. त्यात शरीरातला थोडा चिकट पदार्थ मिसळलेला असतो. किडा पोटाचे टोक वरखाली करून लोहाराच्या भात्यासारखी त्यात हवा भरतो, आणि बुडबुड्यांचे घर तयार होते.

या घरात त्याचे कोवळे अंग सुकत नाही. मुंग्या, कोळी यांपासूनही बचाव होतो. श्वासासाठी तो पोटाचे टोक अधूनमधून फेसाबाहेर काढतो. मुलांना दाखवायचे असेल तर फेस पुसलेली काडी थोडा वेळ पाहत बसा. किडा जागा धरून पुन्हा फेस काढू लागेल.

अंड्यापासून उडीपर्यंत

मादी झाडाच्या देठात, पानाच्या आवरणात किंवा वाळक्या काडीकचऱ्यात अंडी घालते. काही जाती मातीत घालतात. प्रतिकूल काळ अंड्यातच जातो. थंड देशांत हिवाळा, तर उष्ण देशांत कोरडा उन्हाळा. ओल आणि कोवळा पाला मिळाला की पिल्ले बाहेर पडतात.

पिलू पाच अवस्थांतून वाढते आणि प्रत्येक वेळी कात टाकते. फुलपाखरासारखा कोष याला नसतो. पिलू हळूहळू मोठे होते, पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात आणि शेवटची कात टाकून पंखवाला किडा फेसाबाहेर येतो. यानंतर तो फेस करत नाही. आता त्याचे शस्त्र म्हणजे उडी. केंब्रिज विद्यापीठातील माल्कम बरोज यांनी २००३ साली मोजून दाखवले, की सुमारे ६ मिलिमीटर लांबीचा हा किडा ७० सेंटिमीटर उंच उडतो. साडेपाच फुटी माणसाने साडेपाचशे फुटांहून उंच उडी मारावी, तशी ही गोष्ट.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : पिलू उडू शकत नाही. पुढे ती उपयोगी पडेल.

परदेशातला अनुभव

त्रिनिदाद बेटावर १८४५ पासून भारतातून गेलेले मजूर उसाच्या मळ्यांत राबले. तिथल्या उसाला या कुळातल्या एका किड्याने फार पिडले. त्याची अंडी कोरड्या दिवसांत मातीत निपचित राहत. पाऊस पडला की पिल्ले निघून उसाच्या वरच्या मुळांवर फेस करून बसत. खरे नुकसान मोठे किडे करत. ते पानांत सोंड खुपसत, त्यांच्या लाळेने पाने चट्टे पडून करपत.

ब्राझीलमध्ये ऊस पेटवून तोडण्याची पद्धत कमी झाली, शेतात पाचट राहू लागले, आणि पाचटाखालच्या ओलाव्यात मुळांवरचा फेसकिडा वाढला. तिथे मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मोठ्या प्रमाणावर वापरून त्याला आवर घालतात. हीच बुरशी आपण हुमणीसाठी वापरतो.

इटलीच्या पुलिया भागात २०१३ साली ऑलिव्हच्या बागांत झायलेला नावाचा जिवाणू आढळला. झाडे वाळू लागली. हा जिवाणू जलवाहिनीत राहतो, आणि तिथेच सोंड घालणारा फेसकिडा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. तिथले शेतकरी वसंतात, पिल्ले तणावर फेसात असतानाच, बागेत नांगर किंवा वखर फिरवतात. उडी येण्याआधीच वैऱ्याला गाठतात. किड्याचा जन्मक्रम कळला की उपायाची वेळ कळते, ती अशी.

आपण काय करावे?

आपल्याकडे बांधावर, गवतावर आणि पिकात इथे-तिथे दिसणारा फेस ही फवारणीची बाब नव्हे. फेसाने माणसाला किंवा जनावराला विषबाधा होत नाही. असे गवत गुरांना घालायला हरकत नाही. विष मारलेले गवत मात्र गुरांच्या जिवावर बेतू शकते. साप म्हणून भुई धोपटण्यात पैसा जातो, मधमाशा आणि मित्रकीटक मरतात, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष उडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका. गरज नसलेली फवारणी टळली, तर तेवढा धोका घरापासून दूर राहतो.

ओळख अशी करा. बोटाने चिरडल्यावर पिठासारखी किंवा कापसासारखी पांढरी भुकटी लागली, तर तो पिठ्या ढेकूण. पाने चिकट, त्यावर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग दिसली, तर मावा किंवा पिठ्या यांपैकी काही असेल. नुसता पाणेरी फेस आणि आत एखादे पिलू असेल, तर तो फेसकिडा.

परसातल्या झाडावर फेस फारच झाला, तर पाण्याची जोरदार धार मारा किंवा हाताने काढून टाका. पिकातले तण वेळेवर काढा. ब्राझीलचे ऐकून कोणी पाचट पेटवू नये. पाचटाने जमिनीला ओल आणि सेंद्रिय खत मिळते, आणि ब्राझीलचा तो किडा आपल्या उसाचा शत्रू नव्हे. मात्र उसाच्या बुडाशी, मुळांवर ठिकठिकाणी फेस दिसला आणि पानेही करपू लागली, तर अंदाजाने औषध आणू नका. फेसासकट किडा बाटलीत घालून तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

या पावसाळ्यात बांधावर फेस दिसला, तर पंपाआधी काडी हातात घ्या. घरातल्या मुलांनाही बोलवा. किडा ओळखायची सवय लहानपणी लागली, तर पुढे औषधाच्या दुकानातली उधारी आपोआप कमी होते.