उपेक्षित कलावंत आणि तैलचित्र

भीमजयंतीच्या रात्री गायन पार्टी रंगते, दिवाळीनंतर मंडईत दंडार उभी राहते. ढोलकीवाला, पेटीवाला, लुगडे नेसून नाचणारा गडी, सर्वांना गाव ओळखते. पण ते गेल्यावर घरात एखादे धूसर छायाचित्र राहिले तरी पुष्कळ. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. बाकीच्यांची नोंद कोणी घ्यायची? आमच्या मते, चित्रकला शिकणाऱ्या आपल्याच मुलामुलींनी, आणि ती तैलरंगात.

तैलरंगाची भुकटी मुख्यतः जवसाच्या तेलात घोटतात. धानाच्या बांधीत आपण पेरतो तेच जवस. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. म्हणून चेहऱ्यावरच्या छटा ओल्यातच एकमेकींत मिसळता येतात. मात्र चित्र एका बैठकीत होत नाही. कलावंताला चार-पाच वेळा समोर बसावे लागते, आणि बसलेला माणूस बोलतो: कोणाकडून शिकला, बिदागी किती मिळे, कोणत्या गावाने उपाशी परत पाठवले. हे टिपून घेण्यास वही घेतलेला दुसरा विद्यार्थी जवळ हवाच. बैठकीत मजुरी बुडते. ती संस्थेने भरून द्यावी.

नावाचे महत्त्व अजिंठ्यावरून कळते. तेथील भित्तिचित्रांच्या तैलप्रती रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केल्या. बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करविल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांपैकीच. त्यांतल्याही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. (प्रती करणाऱ्यांनी लावलेल्या वार्निशाने मूळ चित्रे काळवंडली, हेही सांगितले पाहिजे.) उरलेल्या प्रतींत भिंतीवरून पुढे झडून गेलेला भागही पाहावयास मिळतो. पण ती लेणी रंगविणारे हात कोणाचे, हे कोणतीही प्रत सांगू शकत नाही.

तेव्हा चित्रामागच्या लाकडी चौकटीवर कलावंताचे पूर्ण नाव, गाव, वय, वाद्य आणि तारीख लिहावी. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त ठेवावे, नाहीतर भेगा पडतात. वार्निश सहा महिन्यांनंतर लावावे. पावसाळ्यात चित्र ओल्या भिंतीला टेकवू नये, बुरशी धरते. चित्र विहारात लावले, तर त्याची एक छापील प्रत कलावंताच्या घरी पोचती करावी.