निवडणूक कधी? आधी यादी पहा!

निवडणुकीची कुजबुज सुरू झाली की चहाच्या टपरीवर जो तो ज्योतिषी होतो. घटनेच्या कलम ८३ नुसार लोकसभेची मुदत पाच वर्षांची. पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती ती आधीही विसर्जित करतात. म्हणून सत्ताधारी सोयीचा मुहूर्त शोधतात.

इंदिरा गांधींनी वर्षभर आधी, १९७१ मध्ये निवडणूक घेतली आणि जिंकली. डिसेंबर २००३ मध्ये तीन राज्ये जिंकून वाजपेयी सरकारने तोच डाव टाकला, पण २००४ मध्ये सत्ता गमावली. मुहूर्त त्यांचा, निकाल मात्र मतदाराचा!

पण नाव यादीत हवे ना? आमच्या वस्तीतील एक मावशी घर बदलून आल्या. पत्ता बदलून घ्यायचा राहिला. मतदानाच्या दिवशी रांगेतून रडत परतल्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तो असा वाया घालवायचा काय?

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी नमुना ६ भरा. पत्ता बदलला असेल तर नमुना ८. तारीख निवडणूक आयोगाला ठरवू द्या. बंधूभगिनींनो, आपली तयारी आजच करा.