शेजारची चित्रकार

मी मुद्राचित्रकार. मूळ नागपूरची, आता बरीच वर्षं पॅरिसला. सुट्टीत घरी गेले की सगळे लूव्रबद्दल विचारतात. लूव्र मोठंच आहे, पण मला जास्त शिकवलं ते वस्तीतल्या माणसांनी.

आमच्या कोपऱ्यावर पावाचं दुकान आहे. इथे दुकानात पाऊल टाकताच 'बाँजूर' म्हणायचं. त्याआधी काही मागणं उद्धटपणाचं समजतात. माझ्या नखांत शाई कायमची भरलेली. दुकानातल्या बाईंनी एकदा विचारलं, "गाड्या दुरुस्त करता का?" म्हटलं, नाही, तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्रं छापते. त्यांचा पुढचा प्रश्न, "ॲसिड वापरता की नुसती सुई?" त्यांचे सासरे छापखान्यात होते. पोटापाण्यासाठी काय करता, हे त्यांनी विचारलं नाही. नागपुरात प्रत्येक लग्नात मला तेच विचारतात, आणि ते लागतं.

कला हेही काम आहे, ही इथली समज आपोआप आलेली नाही. फ्रान्सने १९६४ साली कायदा करून चित्रकार, शिल्पकार आणि मुद्राचित्रकारांना आजारपणाच्या व बाळंतपणाच्या विम्यात घेतलं. १९७५च्या कायद्याने लेखक, संगीतकारही त्यात आले. कमाईतला हिस्सा भरायचा आणि हक्काने आधार घ्यायचा. कागदपत्रांचा ताप आहेच, घरभाडं जिवावर येतं, माझ्या ओळखीतले कितीतरी कलाकार शिकवण्या करून दिवस काढतात. डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो तेव्हा घरची आठवण पोखरते. तरी सरकारी कागदावर माझा पेशा 'कलाकार' असा लिहिलेला असणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मोंपार्नासमध्ये ग्रांद शोमिएर ही १९०४ मध्ये सुरू झालेली अकादमी आहे. चित्रकार अमृता शेरगिल पॅरिसला आल्यावर आधी इथेच शिकल्या. इथे शिक्षकाविना रेखाटनाची सत्रं चालतात: दारात पैसे भरायचे, जागा धरायची आणि समोरच्या मॉडेलकडे बघून काढायला लागायचं. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसतात. हात थरथरतो, रेघ मात्र धीट. मधल्या सुट्टीत ते माझा कागद निरखतात आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. म्हणूनच ते "बरं आहे" म्हणाले की माझा आठवडा चांगला जातो.

छपाईला माणसं लागतात. प्रेस महाग आणि अवजड, त्यामुळे सामायिक कार्यशाळेत जावं लागतं. अशा कार्यशाळांत सर्वांत नावाजलेली म्हणजे मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये काढलेली 'आतलिए १७'. आपले मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी तिथे अनेक वर्षं होते. एकाच प्लेटवर अनेक रंग लावून ते एकदम छापण्याची पद्धत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथे घडवली. सगळी करामत तेलाची. एका शाईत तेल जास्त, दुसरीत कमी. पातळ शाई आधी लावली की तिच्यावर घट्ट शाई बसत नाही, दोन्ही रंग आपापल्या जागी राहतात. कडक रोलर वरच्या पृष्ठभागावरून फिरतो, मऊ रोलर खोल कोरलेल्या भागात शिरतो. मी जाते त्या कार्यशाळेत एक कोरियन मुलगी माझा कागद धरते, मी तिची प्लेट पुसते. दोघींचं फ्रेंच मोडकं; पण ओला कागद प्लेटवरून सोलताना श्वास दोघींचाही अडकतो.

बेलव्हिल भागात दर मे महिन्यात चित्रकार आपापल्या स्टुडिओंची दारं वस्तीसाठी उघडी ठेवतात. भाजीच्या पिशव्या घेऊन कुटुंबं जिने चढून येतात. मुलं प्लेटवरून बोटं फिरवतात, मी फिरवू देते. एका ट्युनिशियन आजोबांनी छोटं मुद्राचित्र दोन हप्त्यांत घेतलं आणि स्वयंपाकघरात लावलं. संग्रहालयाच्या भिंतीइतकीच मला ती भिंत मानाची वाटते.

आपल्याकडेही अशी दारं उघडी आहेत. मुंबईत काळा घोडा भागात जहांगीर कलादालन १९५२ पासून उभं आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, आणि चित्रकार बहुतेक वेळा आपल्या चित्रांजवळच बसलेला असतो. जा, आणि हे कसं केलं, असं त्याला विचारा.