जुन्या मोटारीचे रेक्झिन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आप्पांचे शिक्षण चौथीपर्यंत. परंतु मोटारीच्या सीटा शिवण्यात त्यांची तीस वर्षे गेली. गडहिंग्लजात आमचे पत्र्याचे छोटे दुकान आहे. सकाळी तास आणि दुपारनंतर रेक्झिन, असा माझा दिनक्रम. मैत्रिणी विचारतात, "फाटले की नवे घालायचे, त्यात शिकण्यासारखे काय?" त्यांच्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका निवृत्त गुरुजींची प्रीमिअर पद्मिनी दुकानी आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटच्या परवान्याने ही गाडी तयार होई. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, तीही बंद झाली. आता उरल्या आहेत त्या हौसेच्या किंवा मायेच्या. गुरुजींची मायेची होती. ते म्हणाले, "आप्पा, नवं काही घालू नका. माझ्या दोन्ही मुली यातच बसून सासरी गेल्या. आहे तेच नीट करा."

आता रेक्झिन म्हणजे काय ते सांगते. हे मुळात इंग्लंडमधील एका कंपनीच्या मालाचे नाव. तो माल वेगळा होता. आपल्याकडे मात्र प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडाला सरसकट हेच नाव चिकटले. हे प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, अर्थात व्हिनाइल. नळाचे पाइप ज्याचे होतात तेच! मग पाइप कडक आणि सीट मऊ कशी? १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन हा संशोधक रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होता. पीव्हीसीत तेलासारखा द्रव तापवून मिसळला की ते लवचीक होते, हे त्याला त्यात आढळले. या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. तो प्लॅस्टिकला कायमचा बांधलेला नसतो, आणि सारे दुखणे तेथेच आहे. उन्हात बंद गाडी तापली की तो हळूहळू उडून जातो. काचेवर आतून धुरकट साय धरते, तिच्यात तोही असतो. संकेश्वरी मिरची उन्हात वाळून सुरकुतते, कडक होते आणि मग मोडते, तसेच रेक्झिनचे होते. डोक्याचे तेल आणि घाम यांनीही ते कडक होते. म्हणून सीटची पाठ वरच्या कडेला आधी तडकते.

एकदा गेलेला मऊपणा परत येत नाही. बाजारात चकाकी आणणारी औषधे मिळतात, कोणी खोबरेल तेलही चोळतात. त्याने दोन दिवस तकाकी येते आणि मग धूळ बसते. शिवाय त्यावर पुढे रंग धरत नाही, हे नुकसान वेगळेच.

म्हणून आप्पा आधी परीक्षा घेतात. रेक्झिनची चिमूट धरून हलकी घडी घालतात. घडीत चीर पडून आतले सूत दिसले, तर तो तुकडा गेला. सूत दिसले नाही, तर वाचवता येतो. गुरुजींच्या गाडीत दारांची चारही पॅडे वाचण्यासारखी होती. पुढच्या सीटची बसायची बाजू मात्र तडकली होती. तडकायचे कारण रेक्झिनखाली होते. आतला काथ्या दबल्यामुळे आधार गेला होता आणि प्रत्येक बसण्याबरोबर रेक्झिन ताणले जात होते. आधी काथ्या भरला. मग चिरेच्या आतून कापडाचे ठिगळ लवचीक डिंकाने चिकटवले. जेथे तुकडा घालणे भागच होते, तेथे आप्पांनी मागच्या सीटखाली दुमडून गेलेली पट्टी कापून घेतली. तेच वय, तोच दाणा. ऊन न लागल्याने रंग तेवढा किंचित गडद.

रेक्झिनच्या शिवणीत चूक चालत नाही. कापडाची शिवण उसवली तर भोके बुजतात, रेक्झिनची तशीच राहतात. टाके फार जवळ पडले तर टपालाच्या तिकिटांसारखे ते त्या रेषेवर फाटते.

दाराची पॅडे पुसायचे काम माझ्याकडे होते. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश आणि लगेच कोरडे फडके, एवढेच करायचे. पाणी मागच्या हार्डबोर्डपर्यंत गेले तर तो फुगतो. एक डाग निघेना. आप्पा जेवायला गेले होते. मी थिनर लावला. डाग निघाला, आणि त्याबरोबर रंगही. दाणा विरघळून तळहाताएवढी जागा गुळगुळीत, चिकट झाली. आप्पांनी पाहिले आणि एवढेच म्हणाले, "आता हे परत येत न्हाई, पोरी."

त्या रात्री मला जेवण गेले नाही. गुरुजींनी नवे काही घालू नका म्हटले होते आणि माझ्यामुळेच ते घालावे लागणार होते. नवे रेक्झिन कोल्हापुराहून आणले. पण त्याचा रंग उरलेल्या तीन पॅडांशी जुळेना. तेव्हा चारही पॅडांना व्हिनाइलचा रंग मारायचे ठरले. आधी स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढायचा, मग पातळ हात द्यायचे, मध्ये वाळू द्यायचे. जाड हात दिला की त्याची पापडी सुटते. बसायच्या जागी मात्र आप्पा हा रंग लावत नाहीत, तो कपड्यांनी घासून जातो.

गुरुजी गाडी न्यायला आले तेव्हा मीच सारे सांगितले. त्यांनी चारही दारांवरून हात फिरवला आणि विचारले, "नवं कुठलं गं?" मी मागचे डावे दार दाखवले. ते म्हणाले, "तांबड्या शाईनं चुका काढण्यात जन्म गेला माझा, पण ही सापडली नसती." आप्पांनी त्या दाराची मजुरी बिलातून वगळली.

थिनरचा डबा आता फळीवर वरच्या कप्प्यात असतो. तेथे माझा हात पोचत नाही.